ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहिणाऱ्या नवोदित लेखिकेचे कामकाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पहिली कादंबरी प्रकाशित होऊन सात महिने झाले. ती इंग्रजीत आहे आणि तिचे कथानक 1816 सालच्या इंग्लंडमध्ये घडते. या सात महिन्यांत वाचकांनी, लिहू पाहणाऱ्या मंडळींनी आणि नातेवाइकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. माझ्या गाठीशी एकाच पुस्तकाचा अनुभव आहे, तेव्हा जेथे माझे मत आहे तेथे ते केवळ मत म्हणून वाचावे.

ऐतिहासिक प्रेमकादंबरी आणि ऐतिहासिक कादंबरी यांत फरक काय?

ऐतिहासिक कादंबरीत प्रेमकथा असू शकते, पण ती काढून घेतली तरी कादंबरी उभी राहते. प्रेमकादंबरीत मात्र दोन व्यक्ती एकमेकांच्या कशा होतात हाच कणा असतो, आणि शेवट आशादायी, वाचकाला समाधान देणारा असावा असा अलिखित करार असतो. हा करार मोडून नायिकेला शेवटच्या पानावर क्षयाने मारणाऱ्या लेखकाने आपले पुस्तक दुसऱ्या कपाटात ठेवावे. त्यात कमीपणा नाही, पण या कपाटातील वाचकाची ती फसवणूक ठरते. शेवट ठाऊक असताना वाचक पाने का उलटतो, हे कोडे सोडवणे हाच या प्रकारातील कारागिरीचा भाग आहे. दोघे एकत्र येणार हे ठरलेले असते; कोणत्या किमतीवर येणार, हे ठरलेले नसते.

सगळ्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या 1816 च्या आसपासच का घडतात?

सगळ्या नव्हे, पण पुष्कळशा घडतात हे खरे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या आजारपणामुळे त्याचा मुलगा 1811 ते 1820 या काळात त्याच्या वतीने राज्य चालवत होता, आणि ती नऊ वर्षे रीजन्सी म्हणून ओळखली जातात. नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई 18 जून 1815 रोजी झाली, म्हणजे सैन्यातून परतलेला, मनाने जखमी नायक आयता मिळतो. रेल्वे अजून आलेली नसते, त्यामुळे प्रवासाला दिवस लागतात आणि प्रवासात माणसे एकमेकांशी बोलतात. शिवाय इंग्रजी कादंबरीकार जॉर्जेट हेयर यांनी 1930 च्या दशकापासून पुढे हा काळ इतका लोकप्रिय केला की, वाचकाला त्यातील नाचाचे कार्यक्रम, घोडागाड्या आणि आडनावांचे मानपान आधीच परिचयाचे असते. ही सोय आहे आणि अडचणही आहे, कारण वाचकाला जितके माहीत, तितक्या तुमच्या चुका त्याला दिसतात.

पुस्तक छापून आल्यावर लेखकाचे काम संपते ना?

मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात प्रकाशित लेखकाच्या टेबलावर एका वेळी तीन पुस्तके असतात. एक पुस्तक विकायचे असते, एक संपादकाकडून परत येऊन दुरुस्तीसाठी पडलेले असते, आणि एक लिहायचे असते. पहिल्याबद्दल उत्साहाने बोलावे लागते, दुसऱ्याकडे तटस्थपणे पाहावे लागते, आणि तिसऱ्यावर अद्याप कोणाचाच विश्वास नसताना आपण एकट्याने तो ठेवावा लागतो. एकाच दिवसात या तीन मनःस्थितींत ये-जा करणे हे माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत अवघड काम आहे, आणि लेखनाच्या कार्यशाळांत त्याबद्दल मी एक शब्दही ऐकला नव्हता. एकदा मुलाखतीत मला माझ्या नायिकेच्या भावाचे नाव विचारण्यात आले आणि मी दुसऱ्या कादंबरीतील भावाचे नाव सांगितले. मुलाखतकाराने ते तसेच छापले. त्या भावाचा जन्म तेव्हा व्हायचा होता.

तुमचा दिवस कसा जातो? नोकरी सोडली का?

नोकरी सोडलेली नाही आणि नजीकच्या काळात सोडण्याचा विचारही नाही. सकाळी साडेपाच ते आठ ही वेळ लेखनाची असते, आणि त्या वेळेत मी इंटरनेट बंद ठेवते. माझे उद्दिष्ट दिवसाला 800 शब्दांचे आहे. या प्रकारातील कादंबरी साधारण 70,000 ते 1,00,000 शब्दांची असते; 90,000 धरले तर 800 च्या हिशेबाने पहिला खर्डा 113 दिवसांत पूर्ण व्हायला हवा. माझा पहिला खर्डा दोन वर्षांनी पूर्ण झाला, यावरून उद्दिष्ट आणि वास्तव यांतले अंतर लक्षात यावे.

नोकरीवरून परतल्यानंतरची संध्याकाळ विकायच्या पुस्तकाची असते. प्रकाशकाच्या प्रसिद्धी विभागाचे ईमेल, ऑनलाइन वाचकगटांसाठी लेखी उत्तरे, महिन्यातून एकदा वर्गणीदार वाचकांना पाठवायचे पत्र, आणि कोठल्या तरी छोट्या लेखाची मुदत. दुरुस्तीचे काम शनिवार-रविवारी. लेखनाच्या अडीच तासांपैकी पुष्कळसा वेळ वाक्ये खोडण्यात जातो, हेही येथे नमूद करते, कारण खोडलेले शब्द 800 मध्ये मोजायचे की नाही, असे मला एका वाचकाने विचारले होते. मी मोजत नाही.

संशोधन किती करावे लागते आणि कोठे?

थांबता येणार नाही इतके, आणि हाच त्याचा धोका आहे. लेखन टाळण्याचे संशोधनासारखे प्रतिष्ठित निमित्त दुसरे नाही. मी आता एक नियम पाळते: लिहिताना एखादी गोष्ट अडली तर कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचे, आणि अशी पंचवीस प्रश्नचिन्हे साठली की एक दिवस फक्त त्यांच्यासाठी ठेवायचा.

उत्तरे शोधण्याच्या जागा पुष्कळ आहेत. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील 1674 ते 1913 या काळातील खटल्यांची मुद्रित वृत्ते ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात. इतिहासाच्या पुस्तकांत न सापडणारी माणसे तेथे भेटतात: मोलकरणी, गहाणवटदार, गाडीवान. चोरीच्या खटल्यात चोरलेल्या कापडाची किंमत नोंदवलेली असते, खोलीत दिवा होता का हे साक्षीदाराला विचारलेले असते, आणि साक्ष देणाऱ्या बाईच्या बोलण्याचा ताल त्या वृत्तात पुष्कळदा टिकून राहिलेला असतो. माझ्या नायिकेची दासी दोन-तीन अशा साक्षींतून तयार झाली. पोशाखांसाठी 1809 पासून लंडनमध्ये निघणाऱ्या अॅकरमन यांच्या मासिकातील रंगीत चित्रे उपयोगी पडतात. गाडीने कोणत्या गावाहून कोणत्या गावी किती मैल, यासाठी त्या काळात खास मार्गदर्शिका छापल्या जात. प्रवासाचा दिवस मी त्यांवरून मोजते. सरळ रेषेत अंतर काढून आठ-नऊ मैल ताशी वेगाने भागणारा लेखक डोंगर, चिखल आणि घोडे बदलण्याचा वेळ विसरतो.

कायद्याकडे मात्र नव्या लेखकांचे दुर्लक्ष होते, आणि प्रेमकथेत खरे तर कायदाच कथानक पुरवतो. हार्डविक यांचा विवाह कायदा 1753 मध्ये संमत झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. (चर्चमध्ये आगाऊ जाहीर घोषणा न करता) परवान्याने लग्न करायचे आणि वय 21 च्या आत असेल तर वडिलांची किंवा पालकाची संमती त्याने बंधनकारक केली. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमा ओलांडताच लागणाऱ्या ग्रेटना ग्रीन या गावी लग्न करत. 1857 च्या कायद्यापूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर संसदेत स्वतंत्र विधेयक मंजूर करून घ्यावे लागे, म्हणजे तो श्रीमंतांनाच परवडे. इंग्लंडमध्ये दत्तकविधानाला कायदेशीर स्वरूप आले 1926 मध्ये, तेव्हा 1816 मध्ये दत्तक मुलाला ड्यूकची, म्हणजे सर्वांत वरच्या सरदाराची, पदवी मिळवून देणारी कादंबरी पहिल्याच प्रकरणात कोसळते. (ड्यूकची घराणी त्या काळी मोजकीच होती. आम्ही सगळ्या लेखकांनी मिळून आजवर जितके तरुण, देखणे, अविवाहित ड्यूक निर्माण केले आहेत, त्यांना बसायला संसदेच्या वरिष्ठ सभागृहात जागा पुरणार नाही.)

संशोधन करूनही चुका होतात का?

होतात. माझी सर्वांत मोठी चूक हवामानाची होती. दहाव्या प्रकरणात नायक-नायिका जुलैच्या उन्हात, गुलाबांच्या वाफ्यांमध्ये, तीन पाने बोलत बसतात, आणि माझ्या मते ते पुस्तकातले सर्वांत चांगले दृश्य होते. भाषा-संपादिकेने समासात एकच ओळ लिहिली: "हे 1816 आहे ना?" आज इंडोनेशियात असलेल्या सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा एप्रिल 1815 मध्ये प्रचंड उद्रेक झाला होता, आणि वातावरणात पसरलेल्या सूक्ष्म कणांमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. थंडी, सततचा पाऊस, बुडालेली पिके. मला हे माहीत होते. मेरी शेली यांना त्याच पावसाळी उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराकाठी आपल्या प्रसिद्ध भयकथेची कल्पना सुचली, हेही माहीत होते. फक्त माहिती डोक्याच्या एका कप्प्यात होती आणि गुलाब दुसऱ्या.

वर्ष बदलणे शक्य नव्हते, कारण नायकाच्या जखमेचे आणि निवृत्तिवेतनाचे सगळे गणित वॉटर्लूवर बांधलेले होते. म्हणून दोघांना बागेतून उचलून कुंड्यांच्या काचघरात नेले, छतावर पाऊस आणला, आणि कुजलेल्या कळ्या दाखवल्या. पावसामुळे त्यांना एकमेकांचे बोलणे नीट ऐकू येईना, म्हणून ती जवळ सरकली. जुन्या दृश्यात तिला जवळ सरकण्याचे कारणच नव्हते.

त्या काळातील माणसांची भाषा कशी ठरवता?

दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी जसेच्या तसे उतरवले तर वाचक दमतो, आणि आजचे वापरले तर पात्रे वेशभूषा स्पर्धेला आल्यासारखी वाटतात. मी मधला मार्ग पत्करते: वाक्यरचना थोडी संथ ठेवायची आणि 1816 नंतर जन्मलेला शब्द वापरायचा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक शब्दाच्या पहिल्या लेखी वापराचे साल मिळते. 'सायंटिस्ट' हा शब्द 1830 च्या दशकात घडवला गेला. 'ओके' 1839 मध्ये बॉस्टनच्या वृत्तपत्रात प्रथम छापून आला. हे शब्द आपण सहज टाळतो. फसवतात त्या उपमा. एखाद्या पात्राची गाडी 'रुळावर येते' किंवा त्याच्या मनात एखादा विचार 'विजेचे बटण दाबल्यासारखा' उजळतो, आणि लिहिणाऱ्याला रेल्वे व विजेचा दिवा दिसतही नाहीत. घर्षणाने पेटणारी काडी 1827 मध्ये विक्रीस आली. माझ्या नायकाला मेणबत्ती लावायची तर चकमक, पोलाद आणि कापडाचा जळका तुकडा घेऊन अंधारात खटपट करावी लागते, आणि 'क्षणात प्रकाश पडला' हे वाक्य त्याच्या नशिबी नाही.

पदव्यांबाबत वाचक विशेष कडक असतात. 'लेडी' या शब्दापुढे बाईचे स्वतःचे नाव यायचे असेल तर ती ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल या वरच्या सरदारांची मुलगी असावी लागते; नाइट किंवा बॅरोनेट हा त्यांहून खालचा किताब असणाऱ्याच्या पत्नीच्या बाबतीत पुढे आडनाव येते. ही एक गोष्ट चुकली की पुढची तीनशे पाने कितीही चांगली असोत, काही वाचक पुस्तक मिटतात.

हस्तलिखित स्वीकारल्यापासून पुस्तक हाती येईपर्यंत काय होते?

माझ्या बाबतीत एकोणीस महिने गेले. सुरुवातीला संपादिकेचे नऊ पानांचे पत्र आले. पहिल्या परिच्छेदात कौतुक होते आणि उरलेल्या सगळ्या पानांत पुस्तकाचा मधला एक-तृतीयांश हिस्सा का चालत नाही याची चिकित्सा होती. मी ते पत्र वाचून दोन दिवस कोणाशी बोलले नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचले, आणि त्यातले बहुतेक सगळे बरोबर आहे हे मान्य केले. नायक-नायिकेला वेगळे ठेवण्यासाठी मी एक गैरसमज लांबवला होता, जो दोन वाक्यांच्या बोलण्यात मिटला असता. संपादिकेने लिहिले होते की, ही दोघे बोलत नाहीत कारण तुम्हाला अजून शंभर पाने हवी आहेत. गैरसमज काढून टाकल्यावर त्यांना वेगळे ठेवणारे खरे कारण शोधावे लागले, आणि ते तिच्या मालमत्तेत सापडले: लग्न झाले की त्या काळच्या कायद्याने तिचे पैसे नवऱ्याच्या हाती जाणार होते. चौदा आठवडे त्यात गेले.

त्यानंतर वाक्यावाक्याचे संपादन, मग भाषा-संपादन, मग मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायची पाने. मुद्रिते तपासायला दहा दिवस मिळाले आणि पाने 352 होती. या टप्प्यावर शब्द बदलता येतात, परिच्छेद बदलू नयेत. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बदल केल्यास खर्च लेखकाकडून वसूल करण्याची तरतूद बऱ्याच करारांत असते. मी मुद्रिते मोठ्याने वाचली. डोळे चूक ओलांडून जातात, जीभ तेथे अडखळते.

मुखपृष्ठ तुम्ही निवडले का?

नाही. करारात माझ्याशी 'विचारविनिमय' करण्याची तरतूद होती; अंतिम शब्द प्रकाशकाचा. मुखपृष्ठाचे काम वाचकाला दुरून कळवण्याचे आहे की, हे पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे आणि शृंगाराच्या दृष्टीने किती तापमानाचे आहे. त्यावरील पोशाख तीस-चाळीस वर्षे पुढचा असेल तर लेखकाने दात-ओठ खावेत, पण ते खोलीत एकटे असताना.

माझ्या मुखपृष्ठावरील नायिकेचा गाउन निळा होता. पुस्तकात तो पिवळा होता, आणि पिवळ्याला अर्थ होता, कारण तो तिच्या आईचा जुना, फिकट पडलेला गाउन उसवून पुन्हा शिवलेला होता. चित्र बदलणार नाही हे कळल्यावर मी मजकूर बदलला. अकरा ठिकाणी पिवळ्याचा निळा केला, आणि निळा रंग कसा फिकट होतो हे शोधण्यात एक रविवार गेला.

पैसे किती मिळतात?

रक्कम सांगणार नाही, पण व्यवहार कसा चालतो ते सांगते, कारण आगाऊ रकमेला पगार समजणारे लोक मला वारंवार भेटतात.

प्रकाशक जी आगाऊ रक्कम देतो ती पुढे मिळणाऱ्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीवरील लेखकाच्या वाट्यातून, वळती होते. समजा ती 100 आहे. ती एकदम मिळत नाही. साधारणपणे तीन हप्ते असतात: करारावर सही केल्यावर, अंतिम हस्तलिखित स्वीकारल्यावर आणि पुस्तक प्रकाशित झाल्यावर. प्रत्येक हप्त्यातून एजंटचे, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणाऱ्याचे, 15 टक्के जातात. म्हणजे 85 उरतात, ते दीड-दोन वर्षांत तुकड्यातुकड्याने येतात, आणि त्यावर कर भरायचा असतो. त्यानंतर पुस्तकाची रॉयल्टी 100 च्या पुढे जाईपर्यंत आणखी काहीही मिळत नाही. पुस्तक तेवढे विकले गेले नाही तर आगाऊ रक्कम सहसा परत करावी लागत नाही, ही त्यातली दिलाशाची बाजू. पण पुढच्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशक तो आकडा पाहतोच.

मोठ्या इंग्रजी प्रकाशनसंस्थांत कागदी बांधणीच्या पुस्तकावर छापील किमतीच्या 6 ते 8 टक्के आणि ई-पुस्तकावर प्रकाशकाला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेच्या 25 टक्के हे प्रमाण सर्रास आढळते. हिशेब वर्षातून दोनदा येतो. माझ्या पहिल्या हिशेबपत्रात 'परतीसाठी राखीव' असा एक रकाना होता आणि त्यात बरीच मोठी रक्कम अडकलेली होती. दुकाने न खपलेल्या प्रती परत पाठवू शकतात, म्हणून प्रकाशक रॉयल्टीचा काही भाग हातचा राखून ठेवतो. हे बेकायदा नाही. करारात मी ते वाचलेही होते, फक्त समजले नव्हते.

जेन ऑस्टेन यांनी 1811 साली आपली पहिली कादंबरी स्वतःच्या जोखमीवर छापून घेतली आणि पहिल्या आवृत्तीत त्यांना 140 पौंड नफा झाला. दुसरीचे सगळे हक्क त्यांनी 110 पौंडांना विकून टाकले. त्यांना 150 हवे होते. तीच कादंबरी त्यांची सर्वांत लोकप्रिय ठरली आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांचे पैसे प्रकाशकाला मिळाले. करारातील हक्कांची कलमे वाचण्याचा कंटाळा आला की मी ते चाळीस पौंड आठवते.

एजंट आवश्यक आहे का?

बहुतेक मोठे प्रकाशक एजंटमार्फत आलेलेच हस्तलिखित पाहतात. मालिकेत प्रेमकादंबऱ्या काढणारे काही प्रकाशक थेटही स्वीकारतात. वाचण्यासाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्या एजंटपासून दूर राहावे. मला बेचाळीस नकार आले.

स्वतःच पुस्तक प्रकाशित करणे अधिक फायद्याचे नाही का?

प्रेमकादंबरीच्या क्षेत्रात पुष्कळांसाठी ते आहे, कारण येथील वाचक भरभर वाचतात, ई-पुस्तके घेतात आणि मालिकेतील पुढचा भाग लगेच मागतात. त्यांच्या वेगाने लिहिता येणाऱ्या, संपादन आणि मुखपृष्ठाचा खर्च आधी करू शकणाऱ्या आणि जाहिरातीचे आकडे रोज पाहण्याची चिकाटी असणाऱ्या लेखकाने तो मार्ग जरूर धरावा. मी वर्षाला चार पुस्तके लिहू शकत नाही. तेवढेच कारण आहे. त्यामागे कोणतेही तत्त्व नाही.

टोपणनाव का घेतले?

नोकरीच्या ठिकाणी वेगळे नाव असावे म्हणून. वाचकाला लक्षात राहील, उच्चारता येईल आणि त्या नावाची दुसरी लेखिका आधीपासून नसेल, एवढे पाहावे. करारावर आणि बँकेत खरे नाव लागते. जॉर्जेट हेयर यांनी आयुष्यभर मुलाखती देण्याचे टाळले आणि तरीही त्यांची पुस्तके खपली. आजच्या प्रसिद्धी विभागाला हे उदाहरण देऊन पाहिले, उपयोग झाला नाही.

शृंगाराची दृश्ये घरचे वाचतात तेव्हा अवघड वाटत नाही का?

वाटते. मावशीने सांगितले की तिने ती पाने वगळली. कोणती पाने वगळायची हे तिला कसे कळले, असे मी विचारले नाही.

वाईट परीक्षणांचे काय करता?

सुरुवातीला सगळी वाचली. एका वाचकाने एक तारा देऊन लिहिले होते की, नायिका जरुरीपेक्षा जास्त विचार करते; त्याच दिवशी दुसरीने पाच तारे देऊन लिहिले की, अखेर विचार करणारी नायिका भेटली. त्यानंतर मी वाचकांच्या ताऱ्यांकडे पाहणे सोडले, किंवा सोडले आहे असे म्हणते. वाचकांची परीक्षणे ही वाचकांची आपसातील चर्चा असते, आणि लेखकाने त्यात उत्तर देण्यासाठी कधीही तोंड घालू नये, याविषयी मला अजिबात शंका नाही. वाईट परीक्षणापेक्षा शांतता जास्त बोचते. प्रकाशनाच्या दिवशी मी रजा घेतली होती, आणि दुपारी दोनपर्यंत काहीच घडले नाही, म्हणून मी कपाट आवरले.

नव्या लेखकांसाठी संघटना आहेत का?

ब्रिटनमध्ये प्रेमकादंबरीकारांची संघटना 1960 पासून कार्यरत आहे, आणि अप्रकाशित लेखकांचे हस्तलिखित अनुभवी सदस्याकडून वाचून लेखी अभिप्राय देण्याची तिची योजना अतिशय उपयुक्त आहे. अमेरिकेतील संघटना 1980 मध्ये स्थापन झाली. अनेक वर्षे अंतर्गत वाद आणि घटती सदस्यसंख्या यांना तोंड दिल्यानंतर 2024 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. माझ्या पुरते सांगायचे तर, माझ्या पुस्तकाच्याच वर्षी पहिले पुस्तक आलेल्या पाच लेखिकांचा एक छोटा गट मला कोणत्याही संघटनेपेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण 'परतीसाठी राखीव' म्हणजे काय हे तेथे रात्री अकरा वाजताही विचारता येते.

दुसरी कादंबरी कशाबद्दल आहे आणि कधी येणार?

हस्तलिखित देण्याची तारीख करारात आहे आणि ती जवळ आली आहे. पहिल्या पुस्तकाला कोणतीही तारीख नव्हती. दुसऱ्यातील नायिका माझ्याबरोबर घाईत असते, आणि ती घाई वाक्यांत उतरू नये याची काळजी घ्यावी लागते.

विषय मिळाला तो एका वाचकाच्या तक्रारीतून. पहिल्या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात एक गरीब शिक्षिका पत्र लिफाफ्यात घालून पाठवते. एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्याने सविस्तर लिहून कळवले की, 1840 मध्ये एका पेनीचे टपाल सुरू होण्यापूर्वी टपालाचा खर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, लिफाफा हा जादा कागद धरला जाई, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचे असत. म्हणून लोक एकच कागद घेत, तो भरला की आडवा धरून त्याच मजकुरावर पुन्हा लिहीत, आणि घडी घालून लाखेने बंद करत. मी उत्तर पाठवून क्षमा मागितली आणि मग बराच वेळ त्या शेवटच्या मुद्द्यापाशी थांबले: पैसे पत्र घेणाऱ्याने भरायचे. दुसऱ्या कादंबरीत दारात टपालवाला उभा आहे, त्याच्या हातातील अक्षर नायिकेने ओळखले आहे, आणि तिच्याजवळ ते पत्र सोडवून घेण्याइतके पैसे नाहीत. सध्या मी तेथेच अडकले आहे.

पुस्तकात चूक आढळली तर कोठे कळवावी?

प्रकाशकाच्या पत्त्यावर, पृष्ठक्रमांक आणि आवृत्ती देऊन कळवावी. पुनर्मुद्रणाच्या वेळी दुरुस्ती करता येते. चौदाव्या प्रकरणातील लिफाफ्याबद्दल कृपया लिहू नये, तो नोंदवलेला आहे. तसेच 287 व्या पानावर निळा गाउन पिवळा झाला आहे, हेही सतरा वाचकांनी कळवले आहे. ते बारावे ठिकाण होते.